तारीख गेलेला कलर रोल वापरायचाय? आधी त्याने किती उन्हाळे काढलेत ते विचारा

मागच्या वर्षी माझ्याकडे कॅमेऱ्याचे ४०० स्पीडचे (आकडा मोठा तेवढ्या कमी उजेडात चालणारे) दोन कलर रोल होते, कंपनी एक, प्रकार एक, फक्त तारखा वेगळ्या. एकाची तारीख जाऊन सात महिने झालेले, दुसऱ्याची जाऊन चांगली तीन वर्षं. कुणीही सात महिनेवालाच उचलेल, मीही तोच उचलला आणि भाचीच्या बारशाला घेऊन गेलो. तीन वर्षंवाला नंतर एका रविवारी सिंहगडावर संपवला. दोन्ही एकाच लॅबला, एकाच दिवशी धुवायला दिले. सिंहगडचा रोल स्वच्छ आला, पिठलं-भाकरीवाल्या मावशींच्या लुगड्याचा हिरवा रंग जसाच्या तसा. बारशाच्या रोलवर पाळणा दिसतोय, पण पाळण्याखालची सावली काळी नाहीच, मातकट जांभळी आहे, आणि भाचीच्या गालावर फिल्मचे दाणेच दाणे.

घरातला उजेड कमी होता हे खरं, पण तेवढ्याने सावली जांभळी होत नाही. चौकशी केल्यावर कळलं की सात महिनेवाला रोल दुकानाच्या काचेच्या शोकेसमध्ये पश्चिमेच्या उन्हात पडून होता, दोन अख्खे उन्हाळे. आणि तीन वर्षंवाला माझ्या मावशीच्या फ्रिजमध्ये, चटण्यांच्या बरण्यांमागे, पहिल्या दिवसापासून. तेव्हापासून मी खोक्यावरची तारीख नंतर बघतो, आधी विचारतो की बाबा हा किती उन्हाळे बाहेर राहिलाय. या लेखातलं सगळं त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

आधी एक स्पष्ट करतो, मी इथे 'नुकत्याच' तारीख गेलेल्या रोलबद्दल बोलतोय, म्हणजे काही महिने ते तीन-चार वर्षं, आणि तेही सी-४१ पद्धतीने धुतल्या जाणाऱ्या कलर निगेटिव्हबद्दल. गोल्ड, कलरप्लस, अल्ट्रामॅक्स, पोर्ट्रा, सुपिरिया वगैरे सगळे यातच येतात. आजोबांच्या कपाटात सापडलेला १९९० च्या दशकातला रोल हे वेगळं प्रकरण आहे. आणि जुन्या डबीवर कोडाक्रोम लिहिलेलं असेल तर तो रंगीत धुऊन मिळायची आशाच सोडा, त्याची के-१४ प्रक्रिया करणारी शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली, तिने २०१० च्या डिसेंबरअखेरीस रोल घेणं बंद केलं.

रोलच्या आत नक्की काय बिघडतं

कलर निगेटिव्हमध्ये एकावर एक थर असतात. वरचा निळा उजेड पकडतो, मधला हिरवा, तळाचा लाल. वय होतं तसं तीन गोष्टी होतात. पहिली, स्पीड कमी होतो, म्हणजे ४०० चा रोल हळूहळू ३००-२५० सारखा वागायला लागतो. दुसरी, फॉग वाढतो, म्हणजे उजेड न लागलेले काही कणसुद्धा उजेड लागल्यासारखे डेव्हलप होतात आणि पूर्ण निगेटिव्हवर पातळ धुकं पसरतं. तिसरी आणि सगळ्यात त्रासदायक गोष्ट, तिन्ही थर एकाच गतीने म्हातारे होत नाहीत, त्यामुळे सावल्यांचा रंग एकीकडे जातो आणि उजळ भागाचा दुसरीकडे.

हे सगळं घडवतं कोण तर मुख्यतः उष्णता. त्याच्या मागोमाग दमटपणा. मग वाफा, आणि हा मुद्दा आपल्या घरांसाठी फार महत्त्वाचा आहे कारण आपण रोल नेमका कपड्यांच्या कपाटात ठेवतो आणि तिथे डांबरगोळ्या असतात. डांबरगोळ्या, नवीन फर्निचरचं पॉलिश, रंगकाम, फिनेल, यांच्या वाफांपासून फिल्म लांब ठेवा. चौथं कारण म्हणजे निसर्गतः सगळीकडे असलेलं किरणोत्सर्जन, ते फ्रीजरमध्येही थांबत नाही आणि जास्त स्पीडच्या फिल्मला जास्त लागतं. म्हणून ८०० चा रोल २०० च्या रोलपेक्षा लवकर थकतो, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले असले तरी.

आता महाराष्ट्रात 'रूम टेम्परेचर' म्हणजे काय ते बघा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर ३८-४० अंश, नागपूर-चंद्रपूरला ४५ च्याही वर, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या माळ्यावर तर दुपारी हात लावून बघा. कोकणात आणि मुंबईत पारा एवढा चढत नाही, पण चार महिने हवा ओली. त्यामुळे थंड देशातले लोक 'दोन वर्षं कपाटात होता, मस्त आला' असं सांगतात ना, ते त्यांचं कपाट असतं. कोडॅकचा प्रो इमेज १०० तर गरम आणि दमट हवेत फ्रिजविना ठेवता यावा म्हणूनच बनवलेला आहे, आपल्याकडे रोलची तारीख गेली असेल आणि साठवणीचा भरवसा नसेल तर बाकीच्यांपेक्षा मी त्याच्यावर थोडा जास्त विश्वास टाकतो.

विकत घेताना

मुंबईत बोरा बाजारच्या गल्लीत फिरा, पुण्यात बुधवार-रविवारी जुन्या बाजारात फिरा, किंवा ऑनलाइन घ्या, विचारायचे प्रश्न तेच. कुठे ठेवला होता? फ्रिजमध्ये असेल तर कधीपासून, तारीख जायच्या आधीपासून की गिऱ्हाईक विचारायला लागल्यावर? कारण फ्रिज झालेलं नुकसान भरून काढत नाही, पुढचं होणारं थांबवतो फक्त. अजून कितीजणांनी याच लॉटमधला नेला, त्यांचे फोटो बघायला मिळतील का? उत्तर देताना विक्रेता अडखळला तर रोल बाहेरच होता असं समजून चाला.

हातात आल्यावर खोक्यावर तारखेच्या शेजारी इमल्शन नंबर, म्हणजे कारखान्यातल्या बॅचचा नंबर, असतो तो बघा. पाच रोल घेताय तर पाचही एकाच नंबरचे घ्या, म्हणजे एकावर केलेली चाचणी बाकी चारांना लागू पडेल (अर्थात ते एकत्रच ठेवलेले असतील तर). १२० चा (हा स्पीड नाही, रुंद आकाराच्या फिल्मचं नाव) रोल असेल तर त्याचं पाकीट बंद आहे ना, फुगलंय का, कुठे टोचलंय का ते बघा, कारण १२० मध्ये मागचा कागद फिल्मला चिकटून असतो आणि ओल लागली की कागदावरचे आकडे आणि ठिपके फोटोत उमटू शकतात, आकाशात तर हमखास दिसतात. ३५ एमएमचं प्लास्टिकचं झाकण 'टक' करून घट्ट बसतंय का तेही पाहा.

किमतीचं माझं मत सरळ आहे. खात्रीने फ्रिजमधला आणि वर्षाच्या आतला असेल तर नव्याच्या पाऊण किमतीपर्यंत ठीक. काहीच माहिती नसेल तर निम्म्याच्या वर एक रुपया देऊ नका. 'व्हिंटेज लुक येतो' म्हणून पूर्ण किंमत मागणाऱ्याकडून तर अजिबात घेऊ नका.

किती स्पीड लावायचा

इंटरनेटवर एक नियम सगळीकडे फिरतो, दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्या. जुन्या रोलसाठी तो ठीकठाक आहे, पण त्या हिशोबाने दोन वर्षं म्हणजे जवळपास काहीच नाही, आणि शोकेसमध्ये भाजलेल्या रोलला तो नियम उपयोगाचा नाही. मी उन्हाळे मोजतो.

कायम फ्रिजमध्ये असलेला, तारीख जाऊन वर्ष-दोन वर्षं झालेला रोल मी जवळपास खोक्यावरच्याच स्पीडला वापरतो, फार तर एक तृतीयांश स्टॉप जास्त, म्हणजे ४०० चा ३२० ला, २०० चा १६० ला (कॅमेऱ्याला स्पीड कमी सांगितला की तो उजेड जास्त देतो). घरात सावलीच्या खोलीत एखादा उन्हाळा काढलेला असेल तर दोन तृतीयांश, ४०० चा २५० ला, २०० चा १२५ ला. दोन-तीन उन्हाळे बाहेर किंवा इतिहास माहीतच नाही, तर सरळ एक स्टॉप, ४०० चा २०० ला आणि २०० चा १०० ला. ८०० चा रोल असेल तर या प्रत्येकात अजून अर्धा स्टॉप टाका. माळ्यावर किंवा गाडीच्या डॅशबोर्डमध्ये राहिलेला असेल तर दीड-दोन स्टॉप देऊनही मी त्याच्याकडून मोठी अपेक्षा ठेवत नाही.

जास्त उजेडाने घाबरू नका. कलर निगेटिव्हला दोन स्टॉप जास्त दिले तरी ती सहज पचवते, कमी दिला की मात्र लगेच रडते. जास्त उजेड देण्यामागचं कारण एवढंच की सावलीतला बारीक तपशील त्या फॉगच्या धुक्यात बुडालेला असतो, उजेड वाढवला की तो धुक्याच्या वर येतो.

स्लाइड फिल्मचा, म्हणजे जिच्यावर निगेटिव्ह नाही तर थेट सरळ चित्र येतं त्या ई-६ पद्धतीच्या फिल्मचा, हिशोब उलटा आहे. तिथे अर्धा स्टॉप इकडेतिकडे झाला तरी दिसतो आणि जास्त उजेड दिला की पांढरे भाग धुऊन जातात. फ्रिजमधली स्लाइड फिल्म असेल तर खोक्यावरच्या स्पीडला वापरा, उन्हाळे काढलेली असेल तर घेऊच नका.

कॅमेऱ्यात हे बसवायचं कसं

एफएम १० किंवा के १००० सारख्या हाताने चालणाऱ्या कॅमेऱ्यात सोपं आहे, आयएसओची, म्हणजे स्पीडची, चकती फिरवायची आणि विसरून जायचं. इथे एक चूक खूपजण करतात, चकती २०० ला लावतात आणि वर पुन्हा 'रोल जुना आहे' म्हणून प्रत्येक फोटोला एक स्टॉप वाढवतात, आणि मग लॅबला पण पुश करायला, म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायला, सांगतात. एकाच ठिकाणी भरपाई करा. चकतीवर केली की संपलं.

ऑटोमॅटिक कॅमेरे रोलच्या डबीवरचा डीएक्स कोड वाचतात, तो रुपेरी-काळ्या चौकोनांचा पट्टा. एक्सपोजर कॉम्पेन्सेशनची (उजेड कमी-जास्त करायची) सोय असेल तर प्लस १ लावा. नसेल तर त्या चौकोनांवर साधी चिकटपट्टी लावा, कोड वाचता आला नाही की बहुतेक कॅमेरे १०० स्पीड धरतात, तेव्हा २०० च्या रोलला आपोआप एक स्टॉप जास्त मिळतो आणि ४०० ला दोन. तुमचा कॅमेरा काय धरतो ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. पट्टी पातळ आणि नीट दाबून बसवा, कड उचललेली राहिली तर आत अडकते.

केबी १० सारखा कॅमेरा असेल, ज्यात काहीच बदलता येत नाही, तर ४०० चा रोल घाला आणि फक्त भरउन्हात वापरा, तेवढ्याने भरपूर उजेड मिळून जातो.

फ्रिजमधून काढल्यावर घाई नको

हे ऐकायला किरकोळ वाटतं पण पावसाळ्यात याच एका चुकीने चांगला रोल बिघडतो. थंड रोल दमट हवेत उघडला की त्याच्यावर पाणी धरतं, थंड ताकाच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसं. डबी किंवा पाकीट बंदच ठेवून फ्रिजमधल्या रोलला दीड तास द्या, फ्रीजरमधल्याला तीन तास. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात असाल तर मी फ्रिजवाल्यालाही दोन-अडीच तास देतो. सगळ्यात सोपं म्हणजे आदल्या रात्री काढून ठेवायचा. आणि एकदा कॅमेऱ्यात घातला की आठ-पंधरा दिवसांत संपवायचा आणि लगेच धुवायला द्यायचा, कारण फोटो काढून झाल्यावर ती न धुतलेली प्रतिमा पण फिकी पडत जाते.

एक रोल चाचणीसाठी द्या

चार-पाच रोलचा गठ्ठा असेल तर हे कराच. पूर्ण रोल वाया घालवायचा नाही, पहिल्या अकरा फ्रेम पुरतात. सकाळी नऊ-दहाला गॅलरीतल्या सावलीत घरातल्या कुणाला तरी बसवा, हातात ग्रे कार्ड (रंग तपासायचं राखाडी कार्ड), मांडीवर काळी छत्री आणि पांढरा रुमाल. ४०० चा रोल असेल तर पहिला फोटो ४०० ला, मग ३२०, २५०, २०० आणि १००. प्रत्येक वेळी कागदावर आकडा मोठा लिहून फ्रेममध्ये ठेवा, वहीत लिहू म्हणून ठेवलं की गोंधळ होतो. मग त्याच पाच पायऱ्या उन्हात करा. अकरावी फ्रेम लेन्सला झाकण लावून, पूर्ण काळोखात. ही झाकणवाली फ्रेम सगळ्यात कामाची, कारण तिच्यावर जे काही दिसेल तो शुद्ध फॉग. उरलेल्या २५ फ्रेम मनासारख्या वापरा.

एकच रोल असेल तर चाचणी शक्य नाही, मग महत्त्वाचा फोटो दोनदा काढा, एकदा ठरवलेल्या स्पीडला आणि एकदा एक स्टॉप जास्त.

आणि कळकळीने सांगतो, बारसं, मुंज, लग्न, आजीचा पंच्याहत्तरीचा वाढदिवस, जे पुन्हा घडणार नाही तिथे न तपासलेला रोल नेऊ नका. त्या बारशाचे दुसरे फोटो आता कुठून आणणार मी?

उजेड निवडताना भरपूर आणि मऊ असा निवडा. पावसाळ्यातली ढगाळ दुपार, घाटातली हिरवाई, वाड्याच्या अंगणातला उजेड, हे सगळं या रोलना मानवतं. पिवळ्या बल्बखाली काढू नका, त्या उजेडात निळा कमी असतो, त्यामुळे वरच्या थराला आधीच उपाशी ठेवल्यासारखं होतं आणि त्यात तो थकलेला असेल तर रंग सावरत नाहीत. उजेड मोजायचं मीटर सावलीवर धरा, आकाशावर नको.

विमानाने जाणार असाल तर रोल चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका, तिथला एक्स-रे फार जोरदार असतो. हातातल्या सामानाला जिथे नवे सीटी स्कॅनर आलेत तिथे तेही फिल्मला वाईट. आपल्या रोलवर आधीच थोडं धुकं आहे, त्यात अजून भर कशाला. पारदर्शक पिशवीत रोल वेगळे ठेवा, थोडं लवकर जा आणि सीआयएसएफच्या जवानाला नम्रपणे हाताने तपासायची विनंती करा. नेहमी ऐकतीलच असं नाही, पण विचारायला काय जातंय.

लॅबला काय सांगायचं

एवढंच: नॉर्मल सी-४१, पुश नको. सी-४१ चा डेव्हलपर ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद चालतो आणि आपल्याला तेवढंच हवंय. पुश केलं तर फोटोबरोबर फॉगही फुगतो. दुसरं, आठवड्याला किती रोल धुता हे विचारा, कारण जिथे काम कमी तिथे केमिकल शिळं राहण्याची शक्यता जास्त, आणि थकलेला रोल शिळ्या केमिकलमध्ये म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. तिसरं, निगेटिव्ह परत पाहिजेत हे स्पष्ट सांगा. चौथं, स्कॅन करताना ऑटो कलर बंद ठेवून फ्लॅट टिफ (रंग न भडकवलेली, दाबून लहान न केलेली फाइल) द्या म्हणा. कुरिअरने पाठवत असाल तर सोमवारी पाठवा, नाहीतर पार्सल शनिवार-रविवार कुठल्यातरी पत्र्याच्या गोदामात तापत पडतं.

निगेटिव्ह हातात आल्यावर

स्कॅन बघायच्या आधी निगेटिव्ह बघा. मोबाईलवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, त्यावर ही पट्टी आणि शेजारी ताज्या रोलची त्याच प्रकारची पट्टी धरा. दोन फ्रेममधली रिकामी जागा बघा, ती नारिंगी असते. जुन्या रोलची नारिंगी जास्त गडद, तपकिरीकडे झुकणारी दिसली तर तेवढा फॉग चढलाय. मग कडेला छापलेली अक्षरं बघा, कंपनीचं नाव, फ्रेमचे आकडे. ही अक्षरं कारखान्यातच उजेडाने छापलेली असतात आणि रोलबरोबर धुतली जातात. अक्षरं ठसठशीत पण फोटो पातळ, तर तुम्ही उजेड कमी दिलात. अक्षरंही फिकी आणि फोटोही फिके, तर धुण्यात गडबड असू शकते. अक्षरं बरी, पण सगळी पट्टीच गढूळ, तर रोलचं वय बोलतंय.

चाचणीच्या फ्रेममध्ये काळ्या छत्रीच्या घड्या ज्या आकड्यापासून वेगवेगळ्या दिसायला लागतात, तो तुमच्या गठ्ठ्याचा खरा स्पीड. माझ्या शोकेसवाल्या लॉटमधला अजून एक रोल होता, त्यात ४०० आणि ३२० ला छत्री म्हणजे नुसता गोळा होता, २०० ला काड्या दिसायला लागल्या आणि १०० ला कापडाची शिवण.

रंग सावरणं

फोटो एडिटरमधल्या कर्व्ह्जमध्ये लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल वेगवेगळे उघडा. प्रत्येकात डावीकडे हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा आलेख) जिथे सुरू होतो तिथपर्यंत काळा बिंदू सरकवा, फॉगमुळे ती सुरुवात तिन्हीत वेगळी असते आणि निम्मा रंगदोष इथेच जातो. झाकणवाली फ्रेम असेल तर तिलाच काळं धरा, अंदाज करावा लागत नाही. मग उजवीकडे पांढरा रुमाल पांढरा होईपर्यंत. मग मध्यभागी ग्रे कार्ड.

सावल्या हिरवट आणि त्याच वेळी चेहरे गुलाबी असं असेल तर टिंटचा एक स्लायडर फिरवून काही होणार नाही, एकीकडे बरं केलं की दुसरीकडे बिघडतं. हिरव्या चॅनलचा खालचा भाग थोडा खाली ओढा आणि वरचा भाग किंचित वर, हळूहळू. एका फ्रेमवर जमलं की तीच सेटिंग पूर्ण रोलवर टाका आणि मग उजेडाप्रमाणे बारीक फरक करा. दाणे घालवायच्या मागे लागू नका, चेहरे मेणासारखे होतात. आणि एखादी फ्रेम कशीच बसत नसेल तर ब्लॅक अँड व्हाइट करा, बारशाच्या रोलमधले दोन फोटो मी तसेच वाचवले, हिरव्या चॅनलमधून, कारण त्यात दाणे सगळ्यात कमी होते. ताईने त्यातला एक फ्रेम करून लावलाय.

उरलेले रोल

हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि फ्रिजचा आतला कप्पा, दारातला नको कारण दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. वर्षभरापेक्षा जास्त ठेवायचे असतील तर फ्रीजर, पण बर्फ साचणारा जुना फ्रिज असेल तर डबा अजून एका झिपच्या पिशवीत घाला. एकदा आत ठेवले की सारखे आत-बाहेर करू नका, लागेल तेवढाच काढा. प्रत्येक डबीवर मार्करने तीन गोष्टी लिहा: कधी घेतला, तोपर्यंत कुठे होता, किती उन्हाळे बाहेर काढले. माझ्याकडे आत्ता २०० चे चार रोल आहेत, तारीख मार्चमध्ये गेली, उन्हाळे शून्य. दिवाळीत वापरणार आहे, १६० ला.